पहिल्या फेरीची चार मिनिटं

१२ फेब्रुवारी

बाबा,

आणि म्हणे, ‘ड्रायव्हरला कशाचीच घाई नसते, म्हणून गाडीला उशीर होतो!’ हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. मी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. तेव्हा उंटाने पलीकडच्या कॉटवरून विचारलं, ‘हे तुझे वडील आहेत की आपले साहेब?’ उंट म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. त्याचे पाय कॉटच्या गजांतून बाहेर येतात आणि त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. लाईनवर माझ्या मागची गाडी त्याची असते.

बाबा, तुम्ही तीस वर्षं आगाराच्या खोलीत बसून पट्टी-पेन्सिलने वेळापत्रकं आखलीत. तुमच्या कागदावर सिग्नल नाही, शाळेची पोरं नाहीत, काठी टेकत चढणारे आजोबा नाहीत. कागदावर गाडी धावत नाही, नुसती निघते आणि पोचते. इथेही तुमच्यासारखाच एक बसलाय. आम्ही त्याला पट्टीवाला म्हणतो. तुमचा धाकटा भाऊ शोभेल.

आमची लाईन आगारापासून मोठ्या इस्पितळापर्यंत. थांब्यावरच्या पाटीवर लिहिलंय, दर पंधरा मिनिटांनी गाडी. लाईनवर गाड्या आठ. एका फेरीला पंचावन्न मिनिटं दिलीत, लागतात साठ-बासष्ट. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं दम खायला दिलीत, ती उशिरातच बुडतात. मग मी निघतो उशिरा. उशिरा म्हणून थांब्यांवर माणसं जास्त. माणसं जास्त म्हणून चढायला वेळ जास्त. म्हणजे मी आणखी उशिरा. मागून उंट येतो, त्याला थांबे रिकामे मिळतात, तो सुसाट. शेवटी आम्ही दोघं हातात हात घालून इस्पितळाशी पोचतो आणि पुढचा अर्धा तास रस्त्यावर गाडी नाही. शिव्या मात्र मला, कारण पुढे मी असतो.

आता खरी गोष्ट. मला दोन मेमो मिळालेत. तिसरा मिळाला की घरी. वीस मार्चला साहेबांनी बोलावलंय. घरी म्हणजे तुमच्याकडे, तेव्हा तुम्हालाही थोडा विचार करावा लागेल.

दुसरा मेमो कशामुळे ऐका. तिसऱ्या थांब्यावर एक छत्रीवाली बाई आहे. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री आहेच. इस्पितळात चादरी धुण्याच्या कामावर आहे. तिने लेखी तक्रार दिली की सकाळची पहिली गाडी येतच नाही. बाबा, पहिली फेरी मी नेतो! रोज नेतो! खोटं बोलायलाही काही मर्यादा असते.

मामा तुमच्या पट्टीबद्दल काय म्हणायचा ते मी इथे लिहीत नाही. आई पत्रं वाचते.

तुमचा
कामचुकार ड्रायव्हर

---

२० फेब्रुवारी

भिंगरी,

घाईबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. पण तूर्त बाजूला ठेवतो, कारण दोन मेमो झालेत.

साहेबांसमोर ‘वेळ पुरत नाही’ असं सांगू नकोस. माझ्यासमोर तीस वर्षांत दोनशे ड्रायव्हर तेच सांगून गेले. ऐकायचो आणि चहा मागवायचो. त्यातल्या एकानेही कागद आणला असता तर मला चहा सोडून तो वाचावा लागला असता.

एक वही घे. बारा दिवस प्रत्येक फेरीच्या वेळा लिही. आगारातून निघाल्याची, तिसऱ्या थांब्याची, मधल्या चौकाची, इस्पितळाला पोचल्याची आणि तिथून परत निघाल्याची. घड्याळात दिसेल ती वेळ लिहायची, दिसायला हवी होती ती नाही. मागे-पुढे उंट असेल तर शेजारी फुली मार. आणि गोल आकडा आला की स्वतःवर संशय घे. खरी गाडी गोल आकड्यावर फार क्वचित पोचते.

तुझं अक्षर मला अजून लागत नाही, पण आकडे तू लहानपणापासून स्वच्छ काढतोस. सातवीत गणिताचा पेपर कोरा टाकून मामाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला नसतास, तर आज तूही खोलीत बसला असतास. बसला असतास का, हा भाग वेगळा. जेवायला बसलास तरी तुझा एक पाय दाराकडे असायचा.

मामा परवा आला होता. नेहमीसारखा जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत. तुझ्या आईच्या हातात पिशवी दिली आणि तिथूनच गेला. मी वर खुर्चीत होतो. त्याच्या बुटांचा आवाज मला बरोबर कळतो.

वही पाठव.

तुझे बाबा

---

८ मार्च

बाबा,

ही घ्या वही. बारा दिवस, एकही खाडा नाही. पेन्सिल स्टिअरिंगच्या दांड्याला दोरीने बांधली होती. प्रवासी विचारायचे, भाऊ, हिशेब लिहिताय की पत्र? निघायच्या वेळा मी लिहिल्यात. मधल्या थांब्यांच्या आणि इस्पितळाला पोचल्याच्या वेळा कंडक्टरने लिहिल्या, कारण चालत्या गाडीत लिहिलं तर तिसरा मेमो वीस तारखेची वाट बघणार नाही. कंडक्टर वेळेच्या बाबतीत तुमच्याही वरताण आहे. सेकंदसुद्धा लिहायला निघाला होता, मी म्हटलं जागा नाही.

उंटाच्या फेऱ्यांच्या वेळाही त्याच्याकडून रोज रात्री घेऊन शेजारी उतरवल्यात. फुल्या बघा. अकरानंतरच्या फेऱ्यांना बहुतेक सगळीकडे फुली आहे. उंट म्हणतो, आपण दोघांनी एकच गाडी चालवावी, एकाने स्टिअरिंग धरावं आणि दुसऱ्याने ब्रेक.

आणि आणखी एक. इस्पितळाच्या टोकाला संडास गाडीपासून चार मिनिटांवर आहे. जायला चार, यायला चार. मला दिलीत पाच. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते तुम्ही सांगितलं नव्हतंत, म्हणून मागच्या पानावर लिहिलंय. आम्ही सगळे सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाही. उंट बाटली आणतो, पण ती दाखवायला.

लवकर काय ते काढा. वीस तारीख जवळ आली. मला घरी यायचं नाही बाबा. तुमच्यामुळे नाही. मला हे काम आवडतं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट आवडलीय जिच्यात एका जागी बसायचं असतं आणि तरी माणूस पुढे जातो.

तुमचा
भिंगरी

---

१३ मार्च

भिंगरी,

तुझ्या वहीवर चार दिवस बसलो. सोबत तक्ता जोडला आहे. थोडक्यात असं. फेरीला सरासरी बासष्ट मिनिटं लागतात. यात ड्रायव्हरचा दोष नाही, कारण उंटाच्या गाडीलाही तुझ्या पुढे-मागे नसताना बासष्टच लागतात. जाणं-येणं आणि दोन्ही टोकांची विश्रांती मिळून कागदावर दोन तास होतात, म्हणून आठ गाड्या पंधरा मिनिटांच्या अंतराने बसवल्या आहेत. बासष्ट मिनिटं धाव आणि प्रत्येक टोकाला दहा मिनिटं विश्रांती धरली तर दोन तास चोवीस मिनिटं होतात. त्याच आठ गाड्या अठरा मिनिटांच्या अंतराने धावतील. एकही गाडी वाढवावी लागणार नाही. पाटीवर पंधराऐवजी अठरा लिहावे लागतील, एवढंच. पाटीवरचे पंधरा आणि रस्त्यावरचा अर्धा तास यापेक्षा खरे अठरा बरे.

आता दुसरं.

तुझ्या सगळ्या वहीत आकडे वेडेवाकडे आहेत. बासष्ट, त्रेसष्ट, एकसष्ट. खऱ्या आकड्यांसारखे. फक्त सकाळच्या पहिल्या फेरीची निघण्याची वेळ बाराही दिवस सहा दहा. आणि तिसऱ्या थांब्याची, कंडक्टरच्या अक्षरात, सहा तेरा. कधी सहा चौदा. आगारापासून तिसरा थांबा रिकाम्या रस्त्याने सात मिनिटांचा आहे. हे तुझ्याच वहीतून काढलं. तेव्हा एक तर तुझी गाडी उडते, नाही तर तुझी पेन्सिल खोटं बोलते.

तू सहा सहाला निघतोस. फाटकावरचा माणूस कामावर सव्वासहाला येत असणार. आमच्याकडेही तसंच होतं. चार मिनिटं आधी निघायचं म्हणजे पलीकडच्या टोकाला चार मिनिटं जास्त मिळतात. माझ्या काळातले ड्रायव्हरही करायचे. जिथे कागद वेळ देत नाही तिथे माणूस ती चोरतो, आणि जिथे कुणी बघत नाही तिथून चोरतो.

उशिरा आलेली गाडी निदान मिळते. लवकर गेलेली गाडी माणसाच्या दृष्टीने आलेलीच नसते. तुझी छत्रीवाली बाई खोटं बोलत नाही. तिसऱ्या थांब्याची वेळ सहा सतरा आहे. ती सहा पंधराला येऊन उभी राहत असेल.

मी तुला चोर म्हणायला हे लिहीत नाही. तुझं मागचं पान वाचलं. पाण्याचं. म्हणून लिहितो आहे. सहा वर्षं मी हे कुणाजवळ बोललो नाही.

कापडगिरणीच्या लाईनवर शेवटच्या टोकाला दहा मिनिटं होती. मी ती तीन केली. त्यामुळे एक गाडी वाचली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. त्या लाईनवर तुझा मामा होता. तो माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, ‘भावजी, खाली उतरून परत चढायलाच तीन मिनिटं लागतात हो.’ मी म्हणालो, वाटेत भरून काढ. तो हसला आणि गेला. मेहुणा म्हणून वाद घातला नाही, दुसरा कुणी असता तर भांडला असता. दोन वर्षं तो पाणी न पिता गाडी चालवत होता, हे मला ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. मूत्रपिंडातला खडा काढला, पण गाडी गेली ती गेलीच. आता आगाराच्या फाटकावर बसतो. तू मला त्याच सुमारास ‘तुमच्या पट्टीने माणूस मोजता येत नाही’ म्हणालास आणि बॅग भरलीस. मी तेव्हा तुला उलट बोललो. उत्तर नव्हतं म्हणून बोललो.

तक्ता साहेबांना दाखव. पहिल्या फेरीचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

बाबा

---

२४ मार्च

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी भयंकर चिडलो. उंटावर चिडलो, कंडक्टरवर चिडलो, म्हटलं तुला कुणी सांगितलं होतं खऱ्या वेळा लिहायला? तो म्हणाला, तूच.

अठरा तारखेला माझी सुट्टी होती. झोप येईना. उठलो आणि चालत तिसऱ्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बघूच. सहा तेराला पहिली गाडी आली. चालवत होता उंट, माझ्या बदली. बाबा, पहिली फेरी सगळेच लवकर काढतात. मी आलो त्याच दिवशी मला हे शिकवलं होतं, ब्रेक कुठे आहे ते नंतर सांगितलं. मी हात केला, तर त्या गाढवाने हसून मला हात केला आणि निघून गेला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. तेवढ्यात कोपऱ्यावरून छत्रीवाली धावत आली. छत्री वर धरून धावत होती. म्हणजे छत्री यासाठी असते, गाडीला दिसावी म्हणून. गाडी गेली. तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं. सहा चौदा. म्हणाली, ‘बघितलंत? आणि ऑफिसात विचारलं की म्हणतात गाडी वेळेवर गेली. मग मी काय आंधळी आहे?’

मला बोलायचं नव्हतं पण तोंडातून निघालं, ‘बाई, रोज मीच नेतो ती गाडी.’

वाटलं आता छत्री डोक्यात बसणार. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘असं होय. मग आता उभा राहा माझ्याबरोबर. पुढची येईपर्यंत.’

उभा राहिलो. बाबा, मी आयुष्यात कधी गाडीची वाट बघितली नव्हती. मी नेहमी गाडीतच. तेवीस मिनिटं. त्या थांब्यावर बाकडं नाही, खांबाला टेकावं तर खांब ओला रंगवलेला. ती बोलत होती. तिची पाळी साडेसातची. पहिली गाडी मिळाली तर सात बाराला पोचते, चहा घेऊन कामाला लागते. दुसरी मिळाली तर एक-दोन मिनिटं उशीर होतो आणि एका मिनिटालाही अर्धा दिवस कापतात. या महिन्यात तिचे नऊ अर्धे दिवस गेले. तिलाही मेमो मिळालाय. माझे दोन, तिचा एक. गाडी आली सहा छत्तीसला. चढताना म्हणाली, ‘पाय दुखले असतील ना? माझेही दुखतात.’ एवढंच.

वीस तारखेला साहेबांसमोर मी आधी तेच सांगितलं. पहिली फेरी चार मिनिटं आधी काढायचो, बाईची तक्रार खरी आहे, तिच्या ऑफिसला तसं लिहून द्या. साहेब म्हणाले, तुला कुणी विचारलं होतं का? म्हटलं नाही. मग तुमचा तक्ता टेबलावर ठेवला. साहेबांनी उलटा धरला. पण कोपऱ्यात पट्टीवाला बसला होता, तो उठून आला. पार वाकून वाचत होता. मागचं पानही वाचलं, संडासाचं. ‘हे कुणी काढलं?’ म्हटलं, ‘माझ्या बाबांनी. तेही पट्टीवालेच.’ आणि जीभ चावली. पण तो हसला. म्हणाला, ‘मला कधी कुणी वही आणूनच दिली नाही.’ अगदी तुमचंच वाक्य. आणि बाबा, त्याच्या टेबलावर खरंच चहा होता, त्याने तो तसाच गार होऊ दिला.

निकाल असा. तिसरा मेमो नाही. सहा दिवस बिनपगारी खोलीवर बसायचं, आज चौथा. बाईच्या ऑफिसला चिठ्ठी गेली. आणि पहिली एप्रिलपासून महिनाभर अठरा मिनिटांचा प्रयोग. जमलं नाही तर परत पंधरा, आणि मग मलाही पुन्हा बोलावतील.

मामाचं वाचलं. मी बॅग भरली तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला काही वाटतच नाही. पण बाबा, ते मला लिहून काय उपयोग? मी छत्रीवाल्या बाईला थांब्यावर जाऊन सांगितलं, ते उंटाला सांगत बसलो नाही. मामाला सांगा. फाटक आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. सरासरी.

तुमचा
भिंगरी

---

१० एप्रिल

भिंगरी,

गेलो होतो. घरून निघालो तेव्हा वाक्य तयार होतं. फाटकाशी तो स्टुलावर बसला होता, पाण्याचा तांब्या शेजारी. मला बघून उठला. मी म्हणालो, ‘उकडतंय.’ तो म्हणाला, ‘हो ना.’ मग एक गाडी आत आली, त्याने फाटक उघडलं, मी बाजूला झालो. गाडी गेल्यावर म्हणालो, ‘येतो.’ तो म्हणाला, ‘या.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी उकडत नव्हतं, त्यामुळे तेवढंही बोलणं झालं नाही.

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की कुठे किती वाजता पोचायचं. मला स्वतःला तिथे पोचल्यावर काय करायचं ते कळत नाही. तुझी आई म्हणते, दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावते. खोलीला दोन दारं आहेत.

प्रयोगाचं कळव. पहिल्या आठवड्यात लोक ओरडतील, गाड्या कमी केल्या म्हणतील. घाबरू नकोस. वेळेच्या पुढे गेलेल्या गाडीला मधल्या चौकात थांबायला सांग. दोन मिनिटं उभं राहणं ड्रायव्हरला अपमान वाटतो, पण गाड्यांमधलं अंतर तिथेच सांभाळलं जातं.

बाबा

---

४ मे

बाबा,

ओरडले. तुम्ही म्हणालात तस्संच. पहिल्या दिवशी एकाने पाटीवरच्या अठरावर थुंकून दाखवलं. चौकात उंटाची गाडी दोन मिनिटं उभी राहिली तर आतले लोक म्हणाले, पेट्रोल संपलं का? उंट मान मागे वळवून म्हणाला, ‘नाही हो, मी जरा म्हातारा होतोय.’ तिसऱ्या दिवसापासून चौकातले लोक गाडी उभी असताना आरामात चढायला लागले. दुसऱ्या आठवड्यापासून उंट आणि मी दिवसभर एकमेकांना दिसत नाही. त्याला करमत नाही म्हणतो. मी वही चालू ठेवलीय. पूर्ण महिन्यात फुल्या फक्त सात, त्यातल्या चार एकाच दिवशी, रस्ता खणला होता तेव्हा.

काल साहेबांनी सही केली. अठरा कायम. मेमो फाडत नाहीत, पण फाईल बंद केली. पट्टीवाल्याने तुमचा तक्ता परत मागितला. मी दिला नाही, तुमच्या अक्षरातला आहे. नकलून दिला.

पहिली फेरी सहा दहाला निघते. फाटकावर कुणी नसतं, तरी सहा दहालाच. ती चार मिनिटं मी गाडीतच बसून काढतो, खिडकी पुसतो. तिसऱ्या थांब्यावर सहा सतराला छत्रीवाली असते. आता छत्री काखेत असते. परवा चढताना म्हणाली, ‘अठरा तर अठरा, पण ठरल्या वेळेला आली पाहिजे.’ मी म्हटलं, आमचे बाबाही हेच म्हणतात. म्हणाली, ‘मग त्यांना एकदा आण की या गाडीत.’

तर तेच. तुम्ही इकडे या. मामालाही मी वेगळं पत्र टाकलंय. त्याला लिहिलंय की तक्ता बाबांचा आहे, पण मागचं पान तुझ्यामुळे वाचलं गेलं, आणि इस्पितळाच्या टोकाला आता दहा मिनिटं आहेत ती तू येऊन बघ. मी पाणी पितो, मामा, असंही लिहिलंय. उंटाची बाटलीसुद्धा आता रिकामी होते. त्याचं उत्तर आलं, एकच ओळ. ‘भावजी येत असतील तर येतो. खिडकी माझी.’

तेव्हा बाबा, तुमची सीट आतली. साडेअकरा तासांचा प्रवास आहे. उकडतंय हे पहिल्या तासात संपेल. मग वाक्य काढा. नाहीच निघालं तर मध्ये एका ठिकाणी गाडी वीस मिनिटं थांबते, तिथे दोघं खाली उतरा. ती वीस मिनिटं पुरी मिळतात, मी त्या लाईनच्या ड्रायव्हरला विचारून ठेवलंय, तिथे अजून कुणी पट्टी लावलेली नाही. तुम्हीही लावू नका. आईला सांगा, कडी राहू दे.

दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं बाराशे चाळीस, आणि त्या वीस मिनिटांत दोघांनी समोरासमोर बसून चहा घ्यायचे साठ. मनीऑर्डर आज केली, तेराशे.